चौदा सेकंदांचं गणित

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे धाकट्या भावाने विचारलं, पाव मैल चौदा सेकंदांत मारायचा तर इंजिनात किती हॉर्सपॉवर लागेल, तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं नाही. त्याचं गॅरेज होतं आणि स्वतः जोडलेली एक मोटरसायकल होती. मे महिन्यात गोव्यातल्या शर्यतीत चौदा सेकंद गाठायचे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सूत्र सोपं आहे. वेळेला ५.८२५ने भागायचं, उत्तराचा घन करायचा, आणि गाडी अधिक स्वार यांचं पौंडातलं वजन त्या घनाने भागायचं. गाडी एकशे पंचावन्न किलो, भाऊ पंच्याहत्तर. हे त्याचं वजन दिवाळीत बाजारातल्या मशिनवर केलेलं. उत्तर आलं साडेछत्तीस. इंजिन कोल्हापूरला मोजून आणलं होतं, ते चौतीस. त्या अडीचसाठी त्याने पाच वेळा इंजिन खोललं.

शिमग्यानंतर आमची काजू बी वखारीत जायची. पोती उतरवली की तो मजेत स्वतः काट्यावर चढायचा. पहिल्या खेपेला सत्तर भरला.

"ताये, हो काटो मारता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माका पाच किलोन कमी दाखवता."

व्यापारी काटा मारतो, याला आमच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. भाऊ तर आयता पुरावाच होऊन उभा राहिला. पुढच्या खेपेला सहासष्ट, मग बासष्ट.

"हंगाम चढता तसो हेचो हात सुटता," तो म्हणाला.

"काटो बरोबर आसा रे," व्यापारी म्हणाला. "तू आपणाक आरशात बघ."

आम्ही दोघं हसलो. त्याची पँट सुतळीने बांधलेली मला दिसत होती. इंजिनापायी जेवायची शुद्ध नाही, असं मी धरून चालले. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी वर्गात किती वेळा ऐकवलं असेल. माझ्या वहीत मात्र पंच्याहत्तरच राहिलं.

शर्यतीला दोन आठवडे असताना तो गॅरेजात चक्कर येऊन पडला. आदल्याच दिवशी वखारीत एकोणसाठ भरला होता. इस्पितळातल्या काट्यावरही एकोणसाठच. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, किती महिने उरलेत तेही सांगितलं. एसटीचं वेळापत्रक ऐकावं तसं मी ते ऐकलं. मला काहीच वाटलं नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, अजूनही फारसं वाटत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

परत येताना रिक्षात त्याने माझ्या हातातला केस पेपर उलटा केला. मग म्हणाला, "ताये, आता खरा वजन घाल. किती व्हया?"

मी केस पेपरच्या मागे मांडलं. उत्तर चौतीस आलं. एकदा पडताळून पाहिलं आणि त्याला सांगितलं.

"म्हणजे पुरता," तो म्हणाला.

"होय," मी म्हटलं.

त्यानंतर त्याने इंजिन खोललं नाही.