दीड दिवसाची भेट

आमच्या पेत्रोव्रिसीत माणूस पुरला म्हणजे तो संपला, असं कोणी धरत नाही. तीन वर्षांनी, फार तर पाच वर्षांनी, घरच्या बायका कबर उकरतात, हाडं वर काढतात, लाल वाइननं धुऊन उन्हात वाळवतात आणि पेटीत घालून देवळामागच्या अस्थिघरात ठेवतात. त्या दिवशी रडणं असतंच, पण भेट झाली म्हणून शिजवलेले गोड गहूही वाटतात. मी लग्न होऊन सालोनिकासारख्या शहरातून या थेसलीच्या डोंगरात आले, तेव्हा पहिल्यांदा हे पाहून मी घरात पळाले होते. आता वाटतं, शहरातल्या लोकांना तो एकदाच घेतलेला निरोप पुरतो तरी कसा?

आसिमिना माझी शेजारीण. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत, आणि त्या भिंतीवरून आमचं सगळं चालायचं. दही, सुया, भांडणं, डॉक्टरांचं औषध. अंगानं आडवी, आवाजानं मोठी. शेळ्यांच्या दुधाचं चीज तिच्यासारखं कोणाला जमलं नाही. आई गेली तेव्हा ती चौदाची होती आणि भाऊ फानिस सहाचा. तिनंच त्याला वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, आन्थुला झाली, नवरा जहाजावर गेला तो पत्रांपुरताच उरला, तरी कोणी "मुलं किती?" विचारलं की ती "दोन" म्हणायची.

फानिस आठ वर्षं जर्मनीत कारखान्यात होता. सदुसष्ट साली परत आला आणि गावच्या वेलिसारबरोबर भागीदारीत लाकूड कापायची गिरणी टाकली. वेलिसार हुशार, गोड बोलणारा. त्यानंच विम्याची टूम काढली. दोघांनी एकमेकांच्या नावे आयुष्याचा विमा उतरवायचा, एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याची गिरणी बुडू नये म्हणून. तीन लाख द्राख्मांचा. तपासणी करून कागदावर सही आमच्या डॉक्टर मालामासांनी केली.

तो दिवस मला आठवतो, कारण फानिस भिंतीवर बसून आक्रोड फोडत होता.

"ताई, डॉक्टर म्हणाले माझं काळीज घोड्याचं आहे."

"आणि डोकं खेचराचं," आसिमिना म्हणाली. "मरणाच्या कागदावर सही करून आलास? थू, थू, थू." तिनं तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"अगं, आता मी मेलो तर वेलिसार शेठ होणार. तो मेला तर मी. आम्ही दोघं रोज सकाळी एकमेकांची तब्येत विचारतो!"

तो खदखदून हसला. हसला की वरचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. लहानपणी खेचरावरून पडला होता.

डॉक्टर मालामासांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांना एका शब्दात निकालात काढल्यासारखं होईल. बावीस वर्षं ते आमच्या खोऱ्यात होते. बर्फात गाढवावर बसून बाळंतपणाला येत. आन्थुला पायाळू होती. मायलेकी दोघी वाचल्या त्या त्यांच्या हातून. म्हणून आसिमिनानं लेकीच्या बाप्तिस्म्याला त्यांनाच धर्मपिता केलं, आणि आमच्या रीतीनं ते घरचे झाले. ती त्यांना "कुंबारे" म्हणायची, नवीन चीजचा पहिला तुकडा त्यांच्याकडं जायचा. शहरात स्वतःचं छोटं इस्पितळ काढायचं त्यांच्या फार मनात होतं. जागा बघून ठेवली होती. खिडक्या कुठं असाव्यात तेसुद्धा ते सांगायचे.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते आसिमिनाच्या दारात आले. वेलिसार मागं, टोपी हातात.

"आसिमिना, बस जरा. फानिस गेला."

"कुठं गेला?"

तिला खरंच कळलं नाही. मग कळलं. ती चप्पल न घालता निघाली, तेव्हा डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. मेंदूज्वर, ते म्हणाले. काल अचानक चढला, गिरणीवरच. लागट रोग. पेटी मी खिळे ठोकून बंद केली आहे, ती उघडायची नाही.

"मग आंघोळ कोण घालणार?"

"कोणी नाही."

"कुंबारे, असं कसं? तोंड तरी पुसू द्या. पाय तरी धुऊ द्या. मी त्याला लहानपणापासून..."

"तुझ्या लेकीचा विचार कर," डॉक्टर म्हणाले. "तिला काही झालं तर मी पुन्हा वाचवू शकेन असं नाही."

आन्थुला तेव्हा पाच वर्षांची. आसिमिनानं तिला पोटाशी धरलं आणि हट्ट सोडला. आमच्याकडं मेलेल्याच्या कपाळाचं चुंबन सगळा गाव घेतो. फानिसच्या वेळी ती पेटीच्या फळीला ओठ लावून बसली होती. तिथं कपाळ आलं असेल की पाय, हेही तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर ती दर शनिवारी कबरीवर जाऊन दिवा लावायची आणि त्याला रागवायची. "शेळी व्याली, तुला काय त्याचं! आन्थुला शाळेत पहिली आली, ऐकतोयस का?" असं. चेहरा आठवेना, ही तिची खरी तक्रार होती. एकदा भिंतीवर कोपर टेकून म्हणाली, "डोळे आठवतात, नाक आठवतं, पण सगळं एकत्र नाही येत गं. शेवटचं पाहिलं असतं तर ते उरलं असतं. मला एकदा त्याला हातात घ्यायचंय. मग मी त्याला सोडेन."

तिसरं वर्ष सरलं तेव्हा तिनं कबर उकरायचं काढलं. डॉक्टर म्हणाले, या रोगाचे जंतू मातीत जगतात, थांब. पाचव्या वर्षी पुन्हा तेच. दरम्यान वेलिसारनं कबरीवर संगमरवराची जाड शिळा बसवून दिली आणि जागा कायमची विकत घेतली. "माझा भाऊच होता तो. कोणी त्याची झोप मोडायची नाही."

विहिरीवर माझ्या सासूबाई, ग्लिकेरियाबाई, म्हणाल्या, "कायमचा झोपायला फानिस कोण, पाशा लागून गेला? आमच्यात एवढा दगड कोणी माणसावर ठेवतं का?"

या सासूबाई म्हणजे गावातली हाडं धुणारी बाई. चाळीस वर्षांत गावातल्या कोणाची हाडं त्यांच्या हाताखालून गेली नव्हती? गुडघ्यावरून कोण किती डोंगर चढलं ते सांगायच्या. त्यांच्या या बोलण्यानं आसिमिनाला जोर आला असावा. सातव्या वर्षी, ईस्टरनंतरच्या एका शनिवारी, तिनं कोणालाच विचारलं नाही. चुलतभावांकडून शिळा सरकवून घेतली. मी वाइनची घागर धरून उभी होते.

सासूबाई पहारीनं, मग खुरप्यानं, मग हातानं. आधी पाय सापडले. डोकं शेवटी वर येतं, आणि ते घरच्या माणसानंच घ्यायचं असतं. आसिमिनानं ओंजळ पुढं केली. मातीचा गोळा तिच्या हातात आला. तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंडाजवळची माती पुसली, अंगठा फिरवला, आणि तो अर्धा दात लागला.

"आलास," ती म्हणाली. "आलास रे बाळा, आलास माझ्या सोन्या." बायका रडू लागल्या. तीच हसत होती. तिनं ते डोकं गालाला लावलं, तोंडाकडं तोंड करून धरलं, त्याच्याशी काय काय पुटपुटली. मग वाइनमध्ये धुवायला घेतलं. हात मागं गेला आणि थांबला.

मागच्या बाजूला, कानाच्या वर, भोक होतं. चौकोनी. त्याच्या कडेचं हाड आत गेलेलं.

सासूबाईंनी ते हातात घेतलं, उजेडाकडं केलं, आत बोट घालून पाहिलं. त्यांचं तोंड मी इतकं बारीक झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "ताप हाडाला भोक पाडत नाही," एवढंच म्हणाल्या.

हाडं अंगणात चादरीवर वाळत घातली होती, तेव्हा दुपारी डॉक्टर आले. बातमी पोचलीच होती. घाम पुसत होते.

"मी सांगितलं होतं ना, घाई नको म्हणून? चल, पाद्रीबाबांना सांगतो, लगेच अस्थिघरात ठेवू. आत्ताच्या आत्ता."

"हे काय आहे, कुंबारे?"

"मातीचा दाब. दगडाचं वजन केवढं होतं!"

"दगड काय चौकोनी दाबतो?" सासूबाई बोलल्या. "घणाचं तोंड बसेल त्यात, डॉक्टर. आणू का घण?"

डॉक्टर त्यांच्याकडं बघेनात. आसिमिनाकडं वळले. "तू शहाणी आहेस. आन्थुलाचं नाव माझ्या नावाशी जोडलेलं आहे. तिचं शिक्षण मी करणार आहे, लग्नात तिच्या मागं मी उभा राहणार आहे. मेलेल्याला त्याचं काय?"

मला वाटलं, ती किंचाळेल. शेजारीपाजारी भिंतीशी जमले होते. पण तिनं भलतंच विचारलं, आणि इतक्या हळू, की मलाच नीट ऐकू आलं.

"पेटी तुम्ही बंद केलीत. शेवटचं तुम्हीच पाहिलंत त्याला. कसा दिसत होता?"

डॉक्टरांनी रुमाल कपाळाशी नेला आणि तसाच खाली घेतला.

"डोळे मिटले होते का? कोणी मिटले? सांगा ना, कुंबारे. मला फक्त तेवढं सांगा."

डॉक्टर भिंतीला धरून खाली बसले. बावीस वर्षं ज्यांनी आमच्या नाड्या पाहिल्या, त्यांची नाडी पाहायला कोणी पुढं झालं नाही.

चौकीवरचा फौजदार रविवारी दुपारी शहरातून परतला, तोवर आसिमिनानं ते डोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. भाकरी एका हातानं खाल्ली. लेकीला जवळ घेऊन दाखवलं, "हा तुझा मामा. याला ओळख दे." मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाली, "बघ, आता चेहरा आठवायला लागलाय." आणि खरंच बोटांनी हवेत काढून दाखवला, गाल कुठं, भुवई कुठं.

फौजदार बरा माणूस. खुर्चीवर बसलासुद्धा नाही. "बाई, मला हे न्यावं लागेल. सगळं नाही, पण हे. याच्याशिवाय सरकारी वकिलाकडं काहीच नाही. सात वर्षं झाली, साक्षीदार नाही. फक्त हे."

"किती दिवस?"

"खटला होईपर्यंत."

"आणि नाही दिलं तर?"

"तर वेलिसार गिरणीवर जाईल, डॉक्टर दवाखान्यात. तुम्ही याला अस्थिघरात ठेवाल. तुमच्यावर आहे."

सासूबाईंनी माझा हात दाबला. भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली, "नको देऊस गं, कागदात हरवतील." दुसरी म्हणाली, "गप्प बस, तुझ्या भावाचं असतं म्हणजे?"

आसिमिनानं डोकं दोन्ही हातांत धरून समोर घेतलं. "सात वर्षं वाट पाहिली," ती त्यालाच म्हणाली, "आणि दीड दिवस राहिलास. तुझी ही सवय जर्मनीपासूनची." मग कपाळाचं चुंबन घेतलं, जे तेव्हा राहिलं होतं. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं. फौजदारानं हात पुढं केले तर म्हणाली, "असं नाही. मानेखाली हात घाला."

खटल्यात सगळं वेलिसारच्याच तोंडून आलं. डॉक्टरांनी पाठदुखीवर म्हणून इंजेक्शन दिलं, त्यातच फानिसनं झोपेत जायचं ठरलं होतं. विम्याचे पैसे वाटून घ्यायचे, डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहायचं. पण घोड्याचं काळीज ते. तो उठून बसला, दाराकडं निघाला. मग वेलिसारनं घण घेतला. त्या जखमेसाठी पेटी बंद करायला हवी होती, आणि बंद पेटीसाठी लागट रोग. न्यायाधीशांनी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "मी फक्त एक शब्द बदलला." दोघांना जन्मठेप झाली. आसिमिनाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "भावाचं डोकं कधी मिळेल?"

वरच्या कोर्टात अपील लागलं होतं. ते संपेपर्यंत मुद्देमाल परत देता येत नाही.

याला आता दोन वर्षं होतील. दर गुरुवारी पहाटेच्या बसनं ती शहरात जाते, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसते, दुपारच्या बसनं परत येते. आन्थुला सालोनिकाला माझ्या बहिणीकडं शिकते. डॉक्टरांना धर्मपिता म्हणणं तिनं स्वतःच सोडलं. पेत्रोव्रिसीत नवा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बायका त्याच्यापुढं जीभ काढायलाही बिचकतात.

गेल्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. कारकून बाहेर आला. सुरुवातीला तो तिला हसायचा म्हणे, आता नाही.

"काकू, सही नाही झाली अजून."

"बरं. ठीक आहे ना तो? ओल नाही ना तिथं? पाठीला त्याला पहिल्यापासून गारठा सोसत नाही."

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कोरडं आहे, काकू. खिडकीपाशी ठेवलंय. ऊन येतं."

आम्ही बाहेर आलो. तिनं इमारतीकडं मान वर करून पाहिलं. तीन मजले, सगळ्या खिडक्या सारख्या.

"यातली कुठली असेल गं?"

मला काय ठाऊक? मी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या एका खिडकीकडं बोट दाखवलं, तिच्यावर तेवढं ऊन पडलं होतं म्हणून. आसिमिनानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि त्या खिडकीखाली उभी राहिली. बसवाला भोंगा वाजवून वाजवून थकला, तोवर.