पाचव्या शीलापाशी

आमच्या घरात देव्हारा कधी नव्हता. कॉटखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. चमत्कार मानायचा नाही, कुणापुढे वाकायचं नाही, हेही तिथलंच. त्यामुळे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचं त्रिशरण म्हणताना 'शरण' या शब्दावर मी अडायचे. आम्ही लढणारी माणसं; आम्ही कसले शरण जातो?

दारूशी मात्र मी लढून हरले, आणि व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. तिथून घरी आल्यावर आईला वाटलं, सुटली पोरगी. खरं तर तिथेच सोपं होतं. फाटकाला कुलूप होतं, संध्याकाळी घंटा व्हायची, शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरत का होईना, सोबतीला होती. आता मी मुलुंडच्या दिवसकेंद्रात जाऊ लागले. सकाळी जायचं, गटात बसायचं, बोलायचं, आणि उन्हं कलली की घाटकोपरला परत. पुढची संध्याकाळ ज्याची त्याने सांभाळायची. परतीच्या बसमध्ये मला त्या कुलपाची इतकी ओढ लागायची की स्वतःचीच चीड यायची. स्वातंत्र्यावर पत्रकं लिहिणारी मी, आणि आठवण कशाची, तर बंद फाटकाची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता प्यायलीस तर लिव्हर साथ देणार नाही.

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना आणि ग्रंथवाचन व्हायचं. आई बोलवायची, मी टाळायचे. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते कुठल्या तोंडाने घेऊ?

अशाच एका संध्याकाळी मी बसमधून उतरले आणि घराकडे न वळता वाइन शॉपच्या रांगेत उभी राहिले. ठरवलं असं काहीच नव्हतं. पाय गेले. पुढे चार-पाच जण असताना पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी रस्ता ओलांडताना दिसली. तिच्या अंगावर रिक्षा येत होती. मी जोरात ओरडले. रिक्षावाला थांबला, म्हातारी सावकाश माझ्यापाशी आली. लेकीकडे कांदिवलीला उतरलेय, इकडे बहिणीला भेटायला आले, पण आधी विहारात जायचंय, असं बरंच काही तिने एका दमात सांगितलं. मग रांगेकडे बघून म्हणाली, "रेशनची का गं ही?"

"नाही आजी. दारूची."

"मग तू हितं काय करतीस? चल, विहार दाखव."

तिने माझं मनगट धरलंच होतं. मी रांग सोडली.

विहारात वंदना घेणाऱ्या काकू गावी गेल्या होत्या. पुढे कोण म्हणणार, म्हणून बायका एकमेकींना पुढे करत होत्या. म्हातारीने मलाच पुढे ढकललं. "हिला म्हणू द्या. रिक्षा थांबवली हिनं नुसत्या आवाजानं." सगळ्या हसल्या. मागे बसलेली आई हसली नाही.

मी म्हणत गेले, सगळ्या माझ्यामागून म्हणत गेल्या. चार शीलं झाली. पाचव्याशी माझा आवाज थांबला. शब्द पाठ होते, पण तोंडातून निघेनात. आणि मग मागून म्हातारीचा आवाज आला. तिला वाटलं, मी विसरले. तिने पाचवं शील सावकाश, तोडून तोडून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आणि पुढे बसलेली मी तिच्यामागून म्हणाले. माझ्यामागून सगळ्या.

नंतर चपला घालताना ती म्हणाली, "इसरतं गं माणूस. म्हणून तर रोज घ्यायचं असतंय." ती बहिणीच्या घराकडे गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात तो शब्द चालत नाही. पण रांगेत माझं कुणीच नसताना ते मनगट धरणारा हात आला, एवढं खरं. त्यासाठी मी जन्मभर कृतज्ञ आहे. ओढ अजून आहे. बस त्याच थांब्यावर थांबते, तीच दुकानाची पाटी दिसते. मी विहाराकडे चालू लागते. कधी कधी काकू मला पुढे बसवतात. पाचव्या शीलाशी मी आजही क्षणभर थांबते. मागून आईचा आवाज येतो, आणि मी तिच्यामागून म्हणते. शरण जायचं म्हणजे वाकायचं नसतं, एवढं मला आता कळतं. एकटीने म्हणता येत नाही ते दुसऱ्याच्या मागून म्हणायचं असतं.