वाकळीचे दोनच अक्ष

चौऱ्याण्णव साली, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीवर अन्याय झाला. तिनं गणित बरोबर सोडवलं, एवढाच तिचा गुन्हा.

दर शनिवारी मी बारामतीहून एसटीनं तिथं फुकट गणित शिकवायला जायचो. उरल्या वेळात चळवळीची पत्रकं वाटायचो. सममितीसाठी पुस्तकातलं तेच ते फुलपाखरू मला नको होतं, म्हणून म्हणालो, "घरातली नक्षी आणा." पोरांनी रांगोळ्या काढून आणल्या. या मुलीनं आईनं शिवलेली वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, मधे लांबट लाल तुकडा, भोवती चारी बाजूंनी पट्ट्यांवर पट्ट्या.

"आयताला सममितीचे अक्ष किती?"

"चाऽर!" सगळा वर्ग ओरडला.

"दोनच," ती म्हणाली. "आडवी घडी जुळती, उभी जुळती. तिरपा कोपऱ्याला कोपरा धरला की कान बाहेर येत्यात. रोज घालती मी घडी."

घालून दाखवली. मी तिथंच सांगून टाकलं, इंदापूरच्या तालुका प्रदर्शनाला ही वाकळ जाणार, आणि तिच्यासोबत तू.

मुख्याध्यापकांनी वर्गाच्या दारातच तिला अडवलं. "प्रदर्शन आहे का अंथरुणाचं दुकान? वस्तीवरचं बोचकं पाहुण्यांपुढं मांडायचं व्हय?"

वस्ती कुठली, ते न सांगताही सगळ्यांना कळलं. पोरगी वाकळ काखेत मारून घरी गेली. इंदापूरला गेला मुख्याध्यापकांचा स्वतःचा थर्माकोलचा तक्ता. आयताकृती रांगोळी, त्यावर लाल रंगात चार अक्ष. चार! त्यातले दोन चूक आहेत, हे मला दिसत होतं. बोललो असतो तर माझा शनिवार बंद झाला असता. नाही बोललो. तक्त्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनीही घडी घालून बघितली नाही.

पुढच्या शनिवारी तिची आई फाटकाशी उभी होती.

"मास्तर, आना म्हनून तुमीच म्हनला व्हता न्हवं? मग तितं तुमचं तोंड कुनी शिवलं व्हतं?"

त्यावर मी काय केलं? शिक्षणाच्या दुरवस्थेवर झणझणीत पत्रक काढलं. त्यात त्या मुलीबद्दल एक ओळ नव्हती. तिनं माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. हे पान फाडा. तिरपा कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा. कान बाहेर आले? तसंच घेऊन तुमच्या गावच्या शाळेत जा आणि विचारा, यंदा प्रदर्शनाला कुणाची वस्तू दारातून परत पाठवली? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.