रक्तात न सापडलेली हळद

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा डबा भरत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात नेलं, दोन दिवसांत सगळं संपलं... पस्तिशीही गाठली नव्हती तिने. रिसीव्हर ठेवताना मनात जो पहिला विचार आला तो लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. आता तिचा संशोधनाचा पेपर कोण पुरा करणार? रडू त्यानंतर आलं.

तुर्भ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी तिच्या कितीतरी आधीपासून होते. हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. पोटाचा, आतड्याचा कॅन्सर ते रोखू शकेल का, उपचारात कामी येईल का, हा आमचा विषय. उंदरांना ते खायला घालायचं आणि रक्तात किती उतरतं ते मोजायचं, हे माझं काम. तीन वर्षं मोजलं, रक्तात जवळजवळ काहीच सापडेना. नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "काय हो, निघालं का औषध?" पी हळद आणि हो गोरी, असं वाटायचं त्यांना. इकडे आमचे प्रमुख, सर, विषयच गुंडाळायची भाषा करू लागले होते. तीन वर्षं पाण्यात जाणार म्हणून मला झोप लागत नव्हती.

अशात सुनंदा आली. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली मुलगी, आई बेलापूरला मासे विकायची. आल्याआल्या बाईसाहेब स्वतः पिंजरे साफ करायला लागल्या. एक दिवस तिने कागदावर उंदरांच्या लेंड्या आणून माझ्यासमोर ठेवल्या.

"वसुधाताई, बघा ना, पिवळ्याधमक."

"मग? टाकून दे."

"टाकू कशाला? आपल्याला आतड्याचाच कॅन्सर रोखायचाय ना? रक्तात नाय गेलं तर नाय गेलं... आतड्यात तर राहतंय."

तीन वर्षं रोज त्या लेंड्या मी कचऱ्यात टाकायला लावत होते. कॅन्सर रोखला जातो की नाही, हे कळायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण विषय वाचला. सर तिच्या टेबलाशी उभे राहून चहा घेऊ लागले आणि माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? एकदा सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "आमी नाही गं, आम्ही." ती हसून "बरं, आम्ही" म्हणाली. डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी ती आधी मला वाढायची. मी दोनदा घ्यायचे आणि वर खारट झालीय म्हणून सांगायचे. पेपरवर तुमचं नाव घालूया का, असं तिने दोनदा विचारलं. "माझा काय संबंध?" म्हणून मी तोडून टाकलं. तिच्या नावामागून माझं नाव लागायला नको होतं मला.

महिन्याने दिवाळ्याला तिच्या घरी गेले. खोलीत तिचं टेबल होतं तसंच होतं, पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं. तिच्या आईने तिथलेच कागद माझ्या हातात ठेवले. "बाय, यो तुमचा हाय का बगा. रोज रातचं जेवन झालं का लिवीत बसायची."

तिच्या अक्षरातला तो पेपरच होता. वर पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. समासात सरांसाठी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रक्तात नाही हे ताईंनी आधी दाखवलं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. पहिला शोध त्यांचा. त्या नको म्हणतील, तरी बदलू नये.'

मी तिच्या खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी तिच्या जागी असते तर तिचं नाव पहिलं घातलं नसतं, कदाचित घातलंच नसतं. आणि हे ती चांगलं ओळखून होती. ओळखूनही तिने लिहिलं... तेवढं मात्र मला अजून सोसत नाही.