दोनच गोळ्या

माझी धाकटी बहीण सुमन सहा महिन्यांची गरोदर आहे. काहीच त्रास नसताना नेहमीच्या तपासणीत तिच्या लघवीत जंतू सापडले. त्यांच्यावर बहुतेक औषधं चालतच नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं आणि विचारलं, "पूर्वी मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत होतात?" सुमनने माझ्याकडे पाहिलं. सर्दीतापाला मीच तिला मेडिकलमधून गोळ्या आणून द्यायचे. जंतूंसारखंच आमचं चुकणंही वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

परतताना धुमसतच त्या मेडिकलमध्ये शिरले. एक बाई म्हणत होती, "ताप आहे, त्या नेहमीच्या दोनच द्या." दुकानदार कात्रीने पट्टी कापू लागला, तशी मी ओरडले, "आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागा ना!"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही कधी आणली होती?"