रात्रीचा रकाना

सकाळी सात वाजता धोंडिभाऊंच्या द्राक्षबागेत मी मशिनमधून फिल्टर पेपर काढला. आदल्या संध्याकाळी लावला तेव्हा तो पांढरा होता. आता काळपट झाला होता. आठ महिन्यांपूर्वी याच गावातल्या हवेला मी 'चांगली' असा शेरा दिला होता.

"तुमच्या कागदाची ही गत," धोंडिभाऊ म्हणाले. "आमच्या मंडळीच्या छातीत काय साचलं आसंल?"

मी पेपर पाकिटात घातला.

माझं काम हवा मोजण्याचं. एखादा प्लांट यायचा असेल तर त्याआधी तिथली हवा कशी आहे, याचा रिपोर्ट आमची कंपनी करते. मशिन हवा ओढून घेतं, धूळ आणि धूर फिल्टर पेपरवर अडकतो, पेपरचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं. एवढंच. अट एकच, मशिन दिवसरात्र चालू हवं.

जुन्नर तालुक्यातलं हे गाव तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. तळाला ओढा, ओढ्याकाठी बागा. तिथे रस्त्याच्या कामासाठी खडी आणि डांबर तापवून मिसळणारा प्लांट येणार होता. मी गेलो ते वैशाखात. दुपारी असा वारा सुटायचा की टोपी धरून चालावं लागे. मशिन ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लावलं, कारण तिथे प्लग होता. संध्याकाळी शिपाई गच्चीला कुलूप लावून जायचा. रात्री लाईटही जायची. मग मी रात्रीचं मोजमाप सोडून दिलं आणि रिपोर्टमधला रात्रीचा रकाना दिवसाच्या आकड्यांवरून भरला. थोडा इकडेतिकडे फरक करून, खरा वाटावा म्हणून.

हे मी कोणी सांगितलं म्हणून केलं नाही. सवयीने केलं.

त्या वेळी धोंडिभाऊ गच्चीवर येऊन मशिनभोवती एक चक्कर मारून गेले होते. "पावणं, आत्ता काय मोजताय? थंडीत या. पौषात आमी पहाटं बागंत पाचोळा पेटवतो, धूर करतो. त्यो धूर हालत न्हाई, वेलींवर पांघरुणासारखा बसून ऱ्हातो. त्याच्यावरच थंडीच्या कडाक्यातनं घड वाचत्यात."

मी हसून मान डोलावली. मला वाटलं, ते द्राक्षांबद्दल बोलताहेत.

ते हवेबद्दल बोलत होते. थंडीत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने गार होते. गार हवा जड, ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि तळाला साचते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. आम्ही त्याला इन्व्हर्जन म्हणतो. ऊन चढेपर्यंत झाकण उघडत नाही. पुस्तकात मी हे शिकलो होतो. धोंडिभाऊ त्यावर बाग राखत होते.

दिवाळीनंतर प्लांट सुरू झाला. माल सकाळी साईटवर पोचावा म्हणून तो पहाटे चारला पेटायचा. धोंडिभाऊंच्या पत्नी सुभद्रावहिनींना आधीच दम्याचा त्रास. पौष लागला तशा त्या उशाला तीन उशा लावून बसूनच रात्र काढायला लागल्या. शेवटी त्यांना लोणीला लेकीकडे पाठवलं. तिकडे मोकळं माळरान. तिसऱ्या दिवशी त्या आडव्या झोपल्या. मग धोंडिभाऊंनी मी दिलेलं कार्ड शोधून मला फोन केला. "साहेब, तुमी हवा चांगली म्हनलावता. मंग बाईला घर का सोडावं लागलं?"

मी रजा टाकून मशिन घेऊन आलो, ते बागेत, तळाला लावलं. त्या रात्री धोंडिभाऊंना पाचोळा पेटवू नका म्हणून सांगितलं होतं.

ऑफिसात बॉसनी काळा पेपर पाहिला. "तू मुद्दाम वाईट जागा निवडलीस."

"लोक तिथेच राहतात, सर."

"पहिला रिपोर्ट नियमात बसतो ना? मग विषय संपला."

"नाही बसत. रात्रीचे आकडे मी बनवलेत."

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. "हे तू मला सांगायला नको होतंस."

"तेव्हा रकाना भरायला नको होता, सर."

रिपोर्ट मागे घेण्याचं पत्र मीच लिहिलं आणि कारण लिहिताना शब्द मऊ केले नाहीत. रिपोर्टवर सही करण्याचा माझा अधिकार गेला, आणि ते योग्यच झालं. फेरतपासणी झाली. थंडीचे महिने सकाळी दहाच्या आत प्लांट पेटवायचा नाही, असा आदेश निघाला. प्लांट जागचा हलला नाही. तो हलवण्याइतका माझा कबुलीजबाब मोठा नव्हता.

पुढच्या पौषात धोंडिभाऊंकडे गेलो. सुभद्रावहिनी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"लोणीला गेला नाहीत?"

"लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? हितं आता आडवं व्हता येतं." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मशिन आता रातीचं जागं ऱ्हातं का अजून झोपतं?"

"मशिन जागंच असतं वहिनी. झोपलो होतो तो मी."

धोंडिभाऊ हसले. वहिनी हसल्या नाहीत.

आता मी फक्त मशिन लावतो, सही दुसरा करतो. जिथे मोजलं नाही तिथला रकाना मी रिकामा ठेवतो. बॉस अजूनही कुरकुरतात, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून. ती बरी दिसू नये, यासाठीच असते.