फुफाट्यातले आलू

भाजलेल्या बटाट्याची खरी चव बटाट्यात नसते, राखेत असते. आमच्या घरात हे वेदवाक्य होतं. ते वडिलांचं होतं, आणि वडिलांनी आयुष्यात कधी चूल पेटवलेली नव्हती.

तेल्हाऱ्याच्या घरी गॅस आला तरी मागच्या अंगणातली चूल आईनं मोडली नाही. हिवाळ्यात संध्याकाळच्या भाकरी तिच्यावरच होत. कापसाच्या पऱ्हाट्या जळून गेल्या की खाली गरम राख उरे, तिला आम्ही फुफाटा म्हणत असू. वडील जिनिंग मिलमधून सुटले की वळणावरच सायकलची घंटी वाजवत. ते घरी येऊन हातपाय धूत, तोवर आई फुफाट्यातून बटाटे उकरून काढी. एका तळव्यावरून दुसऱ्यावर नाचवत, फुंकत, आम्ही ते सोलायचो. वर तिखट, मीठ आणि कच्चं तेल. वडील पहिला घास घेऊन राखेवर थोडं बोलत. आई ऐकून घेई आणि ताटातली राख पदरानं झटकून टाकी.

आई गेली आणि वडिलांना मी अमरावतीला माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. ते आले, पण त्यांची पिशवी आली नाही, म्हणजे ती आली तशीच भरलेली पलंगाखाली राहिली. आधी ते दिवाळी झाली की जातो म्हणत होते, मग संक्रांत झाली की. जेवणही उतरत चाललं होतं. तेल्हाऱ्याच्या रिकाम्या घरात हा माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढेल, याची मला धास्ती होती. तसं बोलून दाखवलं की ते म्हणत, बिस्किटं चांगली असतात.

अशात एका संध्याकाळी त्यांनी आपण होऊन काहीतरी खायला मागितलं. माझी बायको पुण्याची. ती मिक्सरवर चटणी वाटत होती. वडील दारातून म्हणाले, "आलू भाजजो बाई, थंडी हाय." मिक्सरच्या घरघरीतून तिला ऐकू आलं, अळूभाजी. सासऱ्यांनी काही मागितलं याचा तिला इतका आनंद झाला की ती स्कूटी काढून बाजारात गेली, पानं आणली, चणाडाळ, दाणे, चिंच, गूळ घालून पुण्याच्या लग्नातली वाटावी अशी अळूची पातळ भाजी केली. वडिलांनी ती मुकाट्यानं संपवली, चमकुरा बरा झाला म्हणाले आणि झोपायला गेले. आमच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात. ते ऐकल्यावर चूक कुठे झाली ते मला कळलं, आणि मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बटाटा म्हणायला काय झालं होतं?" या प्रश्नाला वऱ्हाडात उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गॅसवर जाळी ठेवून बटाटे भाजले. वरून कोळसा, आतून कच्चे. वडील चांगले आहेत म्हणाले आणि अर्धा टाकून उठले. मग मी गोवऱ्या मिळवल्या आणि गच्चीवर घमेल्यात पेटवल्या. धूर पाहून आमच्या इमारतीचे अध्यक्ष वर आले. त्यांना अध्यक्षपदाखेरीज दुसरं काम नाही, त्यामुळे ते पद पूर्ण वेळ सांभाळतात. गच्चीवर आग पेटवायला मनाई आहे, हे त्यांनी आम्हाला खड्या आवाजात सांगितलं. मग त्यांना गोवऱ्या दिसल्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, काही धार्मिक आहे का.

वडील म्हणाले, "आलू हायत."

अध्यक्षांनी एक खाल्ला, तो कचकन वाजला, तरी उत्तम आहे म्हणाले आणि तो नियम पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकला. वडिलांनी मात्र या वेळीही अर्धा टाकला. रात्री ते तेल्हाऱ्याच्या एसटीची वेळ विचारत होते.

मी बाळापूरच्या मावशीला फोन केला. आई बटाट्यांना नेमकं काय करायची, एवढंच मला हवं होतं. मावशी हसली. "राखीत आलू शिजाले लय येळ लागते बाप्पा. तिले कुठचा येळ? कुकरात शिजवे, अन् तुह्या बापाची घंटी वाजली का फुफाट्यात लोटे. त्याले सांगजो नको."

कुकरची शिट्टी मीही लहानपणी रोज ऐकलेली होती. मला ती वरणाची वाटे.

पुढच्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून बटाटे कुकरमध्ये शिजवले आणि वर नेऊन गोवऱ्यांच्या राखेत लोटले. वडील आले, बसले, सोलून खाऊ लागले. एक संपला, दुसरा घेतला. मी राखेबद्दलच्या भाषणाची वाट पाहत होतो. ते झालं नाही. ते म्हणाले, "मावशीले फोन केलता काय?"

मी घमेल्यातली राख उकरू लागलो.

"तुही माय कुकरात शिजवे. मले ठाऊक होतं. वळनावून घंटी काहून वाजवत होतो मंग? तिले टाइम भेटला पाह्यजे ना."

दोनदा कच्चे बटाटे खाऊनही सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्यांनी बोटांची राख घमेल्याच्या कडेला पुसली.

"तिनं मले सांगतलं नोतं. मंग मी तुले कसा सांगू?"

त्यांनी तिसरा बटाटा घेतला आणि मीठ पुढे सरकवायला सांगितलं.

त्या आठवड्यात कधीतरी पिशवीतले कपडे कपाटात गेले. पिशवी आता बाल्कनीत असते आणि तिच्यात गोवऱ्या असतात. त्या वासापुरत्या. बटाटे तीन शिट्ट्यांत होतात.